गळती किती, हे नेमकं कोण ठरवतं? ‘क्वांटिटेटिव्ह इन्फर्मेशन फ्लो’च्या पुस्तकाबद्दल

पीएच.डी.ची तयारी करणारे बरेच जण विचारतात, की तुमच्या विषयात ‘गणित’ नक्की कुठे येतं? सॉफ्टवेअरमधली सुरक्षा म्हणजे पासवर्ड, अँटिव्हायरस आणि फायरवॉल, मग त्यात एम.एस्सी. गणितवाल्याचं काय काम? याचं उत्तर देताना मी एका पुस्तकाचं नाव सांगते. आज त्याच पुस्तकाची चिकित्सा करायची आहे. पुस्तकाचं नाव ‘द सायन्स ऑफ क्वांटिटेटिव्ह इन्फर्मेशन फ्लो’, स्प्रिंगरने २०२० मध्ये काढलेलं. लेखक सहा आहेत: मारिओ अल्विम, कॉन्स्टँटिनोस चात्झिकोकोलाकिस, ॲनाबेल मॅकआयव्हर, कॅरल मॉर्गन, कातुशिया पालामिदेसी आणि जेफ्री स्मिथ.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला ते तपासता येईल. गळती ‘मोजायची’ कशी या प्रश्नाला या पुस्तकाइतकं स्वच्छ उत्तर दुसरीकडे एका जागी मिळत नाही. पण मोजायचं ‘काय’, हा प्रश्न ते जवळजवळ सुटला असं धरून चालतं. आणि प्रत्यक्षात माणसांचं नुकसान बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रश्नापाशीच होतं.

उघडं दार आणि भिंतीतली भेग

आधी एक फरक स्पष्ट करू. एप्रिल २०२३ मध्ये एमपीएससीच्या गट-ब आणि गट-क संयुक्त पूर्व परीक्षेच्या काही दिवस आधी ९० हजारांहून जास्त उमेदवारांची प्रवेशपत्रं एका टेलिग्राम चॅनेलवर आली. परीक्षा ३० एप्रिलला होती. प्रश्नपत्रिका फुटलेली नाही असं आयोगाने स्पष्ट केलं, प्रवेशपत्रांची ती लिंक बंद केली आणि प्रकरण पोलिसांकडे गेलं. आपल्यापैकी अनेकांनी ते दिवस अनुभवले आहेत.

ही गळतीच होती, पण लपलेली नव्हती. दार उघडं राहिलं आणि कागद बाहेर गेले. इथे गणिती मॉडेलची गरज नाही, दार बंद करणं हाच उपाय.

आता दुसरा प्रकार बघा. एखाद्या संकेतस्थळावर मोबाईल नंबर टाकला, तर एकदा उत्तर येतं ‘पासवर्ड चुकीचा’ आणि एकदा येतं ‘हा नंबर नोंदणीकृत नाही’. कुणाचा पासवर्ड फुटला नाही, कागद बाहेर गेला नाही. पण अमुक नंबरवाल्या माणसाचं इथे खातं आहे की नाही, एवढं बाहेर पडलं. समजा दोन्ही वेळा संदेश एकच ठेवला, पण नोंदणी असलेल्या नंबरला उत्तर यायला जरा जास्त वेळ लागतो. तरीही तेवढं बाहेर पडलंच. भेग ती इथे आहे. भिंत शाबूत दिसते, पण कान लावला की आतलं ऐकू येतं.

या भेगेचा इतिहास जुना आहे. बटलर लॅम्पसन यांनी १९७३ मध्येच दाखवलं, की प्रोग्रॅमला बाहेर बोलायचे सगळे अधिकृत रस्ते बंद केले तरी तो वेळ, मेमरी, संसाधनांचा वापर यांतून ‘बोलू’ शकतो. १९८२ मध्ये गोगेन आणि मेसेग्वेर यांनी ‘नॉनइंटरफिअरन्स’ची व्याख्या दिली: आतलं गुपित बदललं तरी बाहेर दिसणारं अजिबात बदलता कामा नये. १९९६ मध्ये पॉल कोचर यांनी दाखवलं, की कूटलेखनाच्या प्रोग्रॅमला लागणारा वेळ मोजून त्याची गुप्त किल्ली काढता येते. ‘साइड चॅनेल’ हा शब्द त्यानंतर सगळीकडे पसरला.

आपल्याकडेही या धाग्यावर काम झालंय. मुंबईत टीआयएफआर आणि पुढे आयआयटी मुंबईशी जोडलेले आर. के. श्यामसुंदर आणि त्यांचे सहकारी एन. व्ही. नरेंद्र कुमार यांचं ‘रीडर्स-रायटर्स फ्लो मॉडेल’ हे याच परंपरेतलं. माहितीच्या प्रत्येक तुकड्याला एक लेबल असतं: ती कुणाची, कोण वाचू शकतो, ती तयार होण्यात कुणाकुणाचा हात आहे. या लेबलांवरून माहिती कुठून कुठे जाऊ शकते ते ठरतं. हे मॉडेल ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा भाषेत बोलतं.

अडचण अशी, की व्यवहारात पूर्ण ‘नाही’ जमत नाही. चुकीचा पिन टाकल्यावर एटीएम ‘पिन चुकीचा’ म्हणतं, तेव्हा ‘खरा पिन हा नाही’ एवढी माहिती गळतेच. नॉनइंटरफिअरन्सच्या कडक व्याख्येनुसार जगातलं प्रत्येक लॉगिन नापास! म्हणून प्रश्न बदलावा लागला. गळतं का, हे सोडून किती गळतं, हे विचारावं लागलं. पुस्तक सुरू होतं ते इथून.

वानराचा कॉल आणि मॅट्रिक्स

पुस्तकाची मूळ कल्पना सोपी आहे. गुपित म्हणजे ओळी, बाहेर दिसणाऱ्या गोष्टी म्हणजे स्तंभ, आणि चौकटीत शक्यता: हे गुपित असेल तर ते दिसण्याची शक्यता किती. या तक्त्याला ‘चॅनेल’ म्हणतात.

मी उमरेडची असल्यामुळे मला याचं सगळ्यात सोयीचं उदाहरण करांडल्याच्या जंगलात सापडतं. सफारीच्या जिप्सीतला गाइड वाघ शोधत नाही, कॉल ऐकतो. वानर झाडावरून खाकरलं, चितळ ओरडलं, की गाडी तिकडे वळते. वाघ स्वतः काही सांगत नाही, त्याची जागा ‘गळते’. आणि कॉल शंभर टक्के खरा नसतो. बिबट दिसला तरी वानर ओरडतंच.

समजण्यासाठी आकडे मी मनाने धरते. पाणवठ्यावर वाघ असण्याची शक्यता ०.२५. वाघ असेल तर कॉल येण्याची शक्यता ०.८, नसेल तर ०.२. झाला तुमचा दोन बाय दोनचा चॅनेल.

आता ‘गळती’ मोजू. एकच अंदाज करायचा आहे: वाघ आहे की नाही? कॉल ऐकण्याआधी ‘नाही’ म्हणालात तर ०.७५ शक्यतेने बरोबर. कॉल ऐकल्यावर दोन शक्यता. कॉल आला आणि वाघ होता: ०.२५ गुणिले ०.८, म्हणजे ०.२०. कॉल आला आणि वाघ नव्हता: ०.७५ गुणिले ०.२, म्हणजे ०.१५. म्हणून कॉल आल्यावर ‘आहे’ म्हणायचं, ०.२० मिळाले. कॉल नाही आला तर ‘नाही’ म्हणायचं, तिथे ०.७५ गुणिले ०.८, म्हणजे ०.६०. एकूण ०.८०. ‘बेज व्हल्नरेबिलिटी’ ०.७५ वरून ०.८० झाली, १.०७ पटही नाही. म्हणजे गळती नगण्य?

कोणत्याही गाइडला विचारा. तो हसेल. त्याच्यासाठी कॉल म्हणजे सगळंच आहे. मग आपलं मोजमाप आणि त्याचा अनुभव यांत एवढं अंतर का? हा प्रश्न डोक्यात ठेवून पुढचा भाग वाचा.

शॅननची सवय आणि तिचा तोटा

आपल्याकडे ‘माहिती’ म्हटलं की हात आपोआप शॅननच्या एन्ट्रॉपीकडे जातो. एम.एस्सी.ला तेच शिकवतात. डोरोथी डेनिंग यांनी १९८२ च्या आपल्या पुस्तकात माहितीचा प्रवाह मोजायला एन्ट्रॉपीच वापरली आणि पुढची पंचवीसेक वर्षं बहुतेकांनी तीच वाट धरली. २००९ मध्ये जेफ्री स्मिथ यांनी एका पेपरमध्ये दाखवून दिलं, की सुरक्षेसाठी ही पट्टी चुकीचं सांगू शकते. त्यांचं उदाहरण बाजूला ठेवून मी एटीएमच्या पिनवर तोच मुद्दा मांडते.

चार अंकी पिन, १०,००० शक्यता, सगळ्या सारख्या. सुरुवातीची एन्ट्रॉपी सुमारे १३.२९ बिट.

पहिला प्रोग्रॅम: पिनचा शेवटचा अंक ० असेल तर पूर्ण पिन एरर फाईलमध्ये छापतो, नाहीतर ‘ठीक’ छापतो.
दुसरा प्रोग्रॅम: पिनला ४ ने भागून उरणारी बाकी छापतो.

शॅननच्या पट्टीने मोजा. पहिल्यात दहापैकी नऊ वेळा ९,००० पिन शिल्लक राहतात, म्हणजे सरासरी अनिश्चितता ११.८२ बिट, गळती साधारण १.४७ बिट. दुसऱ्यात गळती पूर्ण २ बिट. पट्टी म्हणते, दुसरा प्रोग्रॅम जास्त धोकादायक.

आता चोराच्या जागी उभे राहा. एकच प्रयत्न आहे. दुसऱ्या प्रोग्रॅमनंतर २,५०० पिन उरतात, यश ०.०४ टक्के. पहिल्यात दहापैकी एकदा पूर्ण पिन समोर ठेवलेला असतो, यश १०.०१ टक्के. म्हणजे शॅनन ज्याला कमी गळका म्हणतो तिथे चोराची शक्यता अडीचशे पट!

कारण साधं आहे. शॅननची पट्टी सरासरी काढते. दहा जणांपैकी एकाचं खातं पूर्ण रिकामं झालं आणि नऊ जणांचं काहीच बिघडलं नाही, तर सरासरीत ते ‘थोडंसं’ दिसतं. ज्याचं खातं गेलं त्याच्यासाठी ते थोडंसं नसतं. सिनॉप्सिसमध्ये ‘आम्ही म्युच्युअल इन्फर्मेशन वापरून गळती मोजू’ असं वाक्य लिहिण्याआधी हे उदाहरण एकदा कागदावर सोडवा.

चोराला काय हवंय?

स्मिथ यांनी २००९ मध्ये सुचवलेला उपाय म्हणजे एका अंदाजातलं यश मोजायचं. पण तीही एकाच प्रकारच्या चोराची पट्टी झाली. एटीएम तीन प्रयत्न देत असेल तर? काही चोरांना पूर्ण गुपित नको, अर्धंच पुरतं, त्यांचं काय?

२०१२ मध्ये अल्विम, चात्झिकोकोलाकिस, पालामिदेसी आणि स्मिथ यांनी याला सर्वसाधारण रूप दिलं: ‘गेन फंक्शन’. चोर कोणती कृती करू शकतो आणि गुपित अमुक असताना त्या कृतीतून त्याला किती फायदा, एवढं तुम्ही लिहून द्या. गळती त्या फायद्यावरून मोजली जाते.

जंगलात परत जाऊ. जिप्सीवाल्याचा फायदा असा धरा: पाणवठ्यावर गेला आणि वाघ भेटला तर ३, गेला आणि नाही भेटला तर ०. न जाता वाघ नसलाच तर १ (पेट्रोल आणि वेळ वाचला), न जाता वाघ असला तर ०. कॉल ऐकण्याआधी जाण्याचा फायदा ०.२५ गुणिले ३, म्हणजे ०.७५, न जाण्याचाही ०.७५. कॉल ऐकल्यावर: कॉल आला तर जायचं, ०.२० गुणिले ३, म्हणजे ०.६०. नाही आला तर थांबायचं, ०.६०. एकूण १.२०. म्हणजे फायदा १.६ पट वाढला. तोच चॅनेल, तेच आकडे, पण एका मोजमापात १.०७ पट आणि दुसऱ्यात १.६ पट. गाइड का हसला ते आता कळलं.

इथे लगेच शंका येते: फायदा कसा मोजायचा यावरच सगळं असेल तर कुणीही सोयीचं गेन फंक्शन निवडून ‘आमची गळती नगण्य’ म्हणू शकेल. पुस्तकातला सगळ्यात सुंदर भाग नेमका यावर आहे. लेखक त्याला ‘मिरॅकल थिअरम’ म्हणतात. चॅनेलच्या प्रत्येक स्तंभातली सगळ्यात मोठी संख्या घ्या आणि त्यांची बेरीज करा. गेन फंक्शन ऋण नसेल, तर ते कोणतंही असो, सुरुवातीच्या शक्यता कोणत्याही असोत, फायदा या बेरजेच्या पटीपेक्षा जास्त वाढूच शकत नाही. आपल्या तक्त्यात ०.८ अधिक ०.८, म्हणजे १.६. जिप्सीवाला बरोबर त्या कमाल मर्यादेवर पोचला आहे! चोर कोण, त्याला काय हवंय, त्याला आधीच काय माहीत आहे, यांपैकी काहीही माहीत नसताना दिलेली ही हमी आहे. या एका थिअरमसाठी पुस्तक वाचावं असं मी म्हणेन.

आता तक्रारी

पहिली तक्रार पटीबद्दल. १.६ पट हा आकडा सुरुवात कुठून झाली ते लपवतो. ०.०००१ चं ०.०००१६ झालं तर झोप उडत नाही. ०.५ चं ०.८ झालं तर उडायलाच हवी. पुस्तकात बेरजेच्या भाषेतली गळतीही दिली आहे, हे मान्य. पण थिअरमचा झगमगाट पटीकडे आहे आणि पुढचे पेपर पटच छापतात. आपल्यासारख्या ठिकाणी हे महत्त्वाचं आहे. आडनाव, गाव आणि शिक्षण एवढ्यावर तालुक्यातला माणूस शेजाऱ्याला सहज ओळखता येतो. अनोळखी हॅकरसाठी सुरुवातीची शक्यता शून्याजवळ असते, शेजाऱ्यासाठी ती आधीच मोठी असते. त्याच पोर्टलची तीच भेग दोघांसाठी सारखी नाही.

दुसरी तक्रार वारंवार विचारण्याबद्दल. पिन डावीकडून एकेक अंक तपासणारा आणि पहिला चुकीचा अंक दिसताच थांबणारा प्रोग्रॅम घ्या. लागलेल्या वेळेवरून कितवा अंक चुकला ते कळतं. एका प्रयत्नात पाचच निकाल शक्य आहेत, म्हणून फायदा फार तर ५ पट. ऐकायला बरं वाटतं. पण प्रयत्नांवर बंधन नसेल, तर प्रत्येक जागेसाठी दहा अंक, अशा जास्तीत जास्त ४० प्रयत्नांत १०,००० शक्यतांचा पिन हातात येतो. थिअरमची मर्यादा लावली तर सहा प्रयत्नांतच ती १५,६२५ पटीवर जाते, म्हणजे काहीच सांगत नाही. हमी खोटी नाही, पण बोथट आहे. अशा, आधीच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरवणाऱ्या चोरावर बोरिस कॉफ आणि डेव्हिड बेसिन यांचा २००७ चा पेपर मला जास्त उपयोगी वाटतो. पुस्तकाच्या शेवटच्या, उपयोजनांच्या भागात टायमिंग हल्ल्यांवर प्रकरण आहे, पण मुख्य सिद्धांताचा सूर एका निरीक्षणाचाच राहतो.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी. स्तंभ कोणी ठरवले? मॅट्रिक्स हातात आल्यावर गणित निर्दोष आहे. पण त्यात काय ‘दिसतं’ हे मॉडेल करणाऱ्याने लिहिलेलं असतं. जानेवारी २०१८ मध्ये ‘स्पेक्टर’ आणि ‘मेल्टडाउन’ जाहीर झाले तेव्हा नेमकं हेच उघडं पडलं. वेग वाढवण्यासाठी प्रोसेसर पुढच्या सूचना अंदाजाने आधीच चालवून ठेवतो. अंदाज चुकला तर निकाल पुसतो, पण कॅशमध्ये खूण राहते. प्रोग्रॅमच्या मजकुरात जे कधी चालणारच नव्हतं ते क्षणभर चालून गेलेलं असतं. ज्या मॉडेलमध्ये हा स्तंभच नव्हता, त्याने ‘गळती शून्य’ म्हटलं असतं आणि आपल्या चौकटीत ते बरोबरही ठरलं असतं. पुस्तक यानंतर दोन वर्षांनी आलं. प्रत्यक्ष यंत्रावरून चॅनेल कसा उभा करायचा यावर त्यात आणखी जागा हवी होती. उलट मध्यावर चिन्हांची एवढी गर्दी होते, की नवखा वाचक स्तंभांचा प्रश्न विसरूनच जातो.

चौथा मुद्दा तक्रार कमी, संधी जास्त. ६४ बिटचं गुपित म्हणजे २ चा ६४ वा घात एवढ्या ओळी. हा तक्ता कोण लिहिणार? प्रोग्रॅममध्ये यादृच्छिकता नसेल तर एक सोय होते: स्तंभांतल्या कमाल संख्यांची बेरीज म्हणजे फक्त वेगवेगळे निकाल किती, याची मोजणी. मग प्रश्न ‘मॉडेल काउंटिंग’चा होतो, म्हणजे एखाद्या तार्किक सूत्राची उत्तरं किती हे मोजण्याचा. या क्षेत्रातलं एक महत्त्वाचं काम आपल्या जवळचं आहे. आयआयटी मुंबईचे सुप्रतिक चक्रवर्ती, तिथेच बी.टेक. केलेले कुलदीप मील आणि अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचे मोशे वर्दी यांनी २०१३ मध्ये ‘ॲप्रॉक्सएमसी’ मांडलं. कल्पना अशी: सगळ्या उत्तरांची यादृच्छिक हॅश फंक्शन वापरून साधारण सारख्या छोट्या कप्प्यांत वाटणी करा, एक कप्पा नीट मोजा, कप्प्यांच्या संख्येने गुणा. उत्तर अंदाजी असतं, पण चूक किती आणि ती किती शक्यतेने, याची हमी असते. गळती मोजणं हा या तंत्राचा एक नैसर्गिक उपयोग आहे. पुस्तक मोजणीच्या या बाजूकडे फार वळत नाही.

तुमच्यासाठी कामाचं

पेट किंवा नेट-सेट झालंय आणि विषय शोधताय, तर या पुस्तकाकडे असं बघा. सुरुवातीची प्रकरणं आणि त्यांचे स्वाध्याय हाताने सोडवा. संभाव्यता आणि मॅट्रिक्स एवढं पदवीचं गणित पुरतं. ‘हायपर-डिस्ट्रिब्यूशन’ला पहिल्यांदा अडलात तर थांबू नका, दोन बाय दोनचं एक उदाहरण घेऊन पुढे जा. सुपरवायझरशी बोलताना ‘मी अमुक एन्ट्रॉपी वापरणार’ यापासून सुरुवात करू नका. तीन वाक्यं लिहून न्या: गुपित कोणतं, चोराला दिसतं काय काय, आणि त्याला त्यातून मिळतं काय. यातलं मधलं वाक्य सगळ्यात अवघड आहे. तेच तुमचं संशोधन होऊ शकतं.

आणि एखाद्या पेपरमध्ये किंवा अहवालात ‘गळती फक्त दीड बिट’ असं वाचलंत, तर पुढे जाण्याआधी पेन्सिलने समासात लिहा: कोणासाठी? किती प्रयत्नांत? आणि कोणते स्तंभ धरून? तिन्ही उत्तरं त्या पानावर नसतील, तर तो आकडा बरोबर असूनही तुम्हाला काही सांगत नाही.

पुढच्या लेखात कप्प्यांची मोजणी छोट्या सूत्रावर हाताने करून बघू. तोवर पिनचं उदाहरण तीन प्रयत्नांसाठी सोडवा. माझी उत्तरं १०.०३ टक्के आणि ०.१२ टक्के आली आहेत. तुमची वेगळी आली तर कमेंटमध्ये पायऱ्या लिहा.